जाग आली, पण अंगातलं औषध उतरलं का?

भुलीच्या आधीच्या तपासणीत रक्तदाब, साखर, छातीचा फोटो, ईसीजी हे सगळं बघून झालं की कापसाच्या पट्ट्यातून आलेल्या पेशंटला मी एक प्रश्न हमखास विचारते. "आबा, शेवटची फवारणी कधी केली?" पुष्कळांना वाटतं, डॉक्टरबाई आता गप्पांवर आल्या. कुणी बोंडअळीचं गाऱ्हाणं सुरू करतं, कुणी औषधाच्या बाटलीचा भाव सांगतं. पण हा प्रश्न ईसीजीइतकाच कामाचा आहे. उद्या हर्नियाचं ऑपरेशन आहे आणि पाठीवरचा पंप परवाच उतरवलाय, असं कळलं तर भुलीच्या ट्रेमधलं एक औषध मला बाजूला ठेवावं लागतं. ते का, आणि अशी आणखी कोणती माहिती तुमच्याकडे असते जी आम्हाला कुठल्याच तपासणीत सापडत नाही, हे सांगण्यासाठी हा लेख.

पूर्ण भूल म्हणजे एक मोठं इंजेक्शन, अशी समजूत असते. खरं तर तिच्यात तीन कामं असतात आणि ती वेगवेगळी औषधं करतात. एक झोप आणतं, दुसरं वेदना मारतं, तिसरं स्नायू सैल करतं. हे तिसरं औषध म्हणजे ‘मसल रिलॅक्संट’. वेक्युरोनियम, रोक्युरोनियम, अट्राक्युरियम ही त्यांतली रोजच्या वापरातली नावं. आणखी एक आहे सक्सिनिलकोलीन, त्याला थिएटरात सगळे ‘स्कोलीन’ म्हणतात. ही औषधं झोप आणत नाहीत आणि वेदनाही कमी करत नाहीत. जाग्या माणसाला दिली तर त्याला सगळं ऐकू येईल, सगळं दुखेल, पण पापणीसुद्धा हलवता येणार नाही, आणि श्वास थांबेल. म्हणून झोपेचं औषध आधी, हे नंतर, आणि ते देताच श्वासाची जबाबदारी पूर्णपणे भूलतज्ज्ञाची. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये ऑपरेशनच्या मधेच जाग आल्याच्या तक्रारींची एक मोठी पाहणी झाली, तिचा अहवाल २०१४ मध्ये आला. स्नायू सैल करणारं औषध दिलेल्यांत अशी तक्रार साधारण ८,२०० भुलींमागे एक होती. ते औषध न दिलेल्यांत १,३५,९०० मागे एक. स्नायू सैल असले की माणूस हात हलवून सांगू शकत नाही, एवढाच त्या फरकाचा अर्थ. धोका फार थोडा आहे, पण तो नेमका कुठे आहे हे या आकड्यांवरून कळतं.

मग हे औषध द्यायचंच कशाला? कारण त्याच्याशिवाय बरीच ऑपरेशनं सुरक्षित होत नाहीत. श्वासनळीत नळी घालायची तर घसा आणि स्वरयंत्र सैल लागतं. दुर्बिणीतून पित्ताशय काढताना पोटात वायू भरतात. पोटाची भिंत ताठ असेल तर सर्जनला आत जागाच मिळत नाही. मेंदूच्या किंवा डोळ्याच्या ऑपरेशनात पेशंट एकदा खोकला तरी नुकसान होतं. उलट मणक्यातून भूल देऊन केलेल्या सिझेरियनला किंवा पायाच्या ऑपरेशनला हे औषध लागत नाही. म्हणून तुमच्या माणसाला पूर्ण भूल देणार की मणक्यातून, एवढं आधी विचारून घ्या. पूर्ण भूल असेल तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

हे औषध शरीरात काय करतं, ते खान्देशात समजावून सांगायला मला नागापेक्षा चांगलं उदाहरण सापडलेलं नाही. नाग चावलेला माणूस दवाखान्यात येतो तेव्हा त्याच्या पापण्या जड झालेल्या असतात. मग त्याला दोन-दोन दिसायला लागतं, थुंकी गिळता येत नाही, आवाज नाकातून येतो, मान टाकली जाते आणि शेवटी श्वास मंदावतो. मज्जातंतू जिथे स्नायूला भेटतो तिथे अ‍ॅसिटिलकोलीन नावाचं रसायन सुटतं आणि त्याच्या हुकमावर स्नायू आवळला जातो. नागाचं विष त्या रसायनाची स्नायूवरची जागा अडवून बसतं. रोक्युरोनियम, वेक्युरोनियमही तेच करतात, फक्त मोजून, थोड्या वेळापुरतं आणि आम्ही श्वास देत असताना. औषध उतरवायला आम्ही जे निओस्टिग्मिन वापरतो, तेच नागदंशातही अ‍ॅट्रोपिनसोबत दिलं जातं. (मण्यारचं विष मज्जातंतूच्या बाजूनेच घाव घालतं, त्यामुळे तिथे निओस्टिग्मिनचा फारसा उपयोग होत नाही.) आणि एक गोष्ट लक्षात ठेवा, ती पुढे लागणार आहे: पापण्या, डोळे आणि घसा हे या दोन्हींत आधी ढिले पडतात आणि भुलीनंतर उशिरा सावरतात. छाती आणि पोट यांच्यामधला श्वासाचा पडदा सगळ्यांत चिवट; तो लवकर कामाला लागतो.

या औषधांचा मूळ पुरुष म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या शिकाऱ्यांचं बाणाला लावायचं विष, कुरारे. २३ जानेवारी १९४२ रोजी माँट्रियलमध्ये हॅरॉल्ड ग्रिफिथ आणि एनिड जॉन्सन यांनी ते अपेंडिक्सच्या ऑपरेशनात भुलीसोबत वापरलं आणि शस्त्रक्रियेचं जग बदललं. पण १९५४ मध्ये बीचर आणि टॉड यांनी अमेरिकेतल्या दहा रुग्णालयांतल्या सुमारे सहा लाख भुली तपासल्या, तेव्हा कुरारेसारखी औषधं मिळालेल्यांत भुलीमुळे होणारे मृत्यू ३७० मागे एक आणि न मिळालेल्यांत २,१०० मागे एक निघाले. त्या आकड्यांवर खूप वाद झाले. माझ्या मते औषधापेक्षा ते देऊन झाल्यावर श्वासाकडे झालेलं दुर्लक्ष तिथे जास्त दोषी होतं, आणि आज सत्तर वर्षांनी उपकरणं आली तरी ते दुर्लक्ष पूर्ण संपलेलं नाही.

आता फवारणीकडे परत येऊ. स्कोलीन हे झटपट चढणारं आणि पाच-दहा मिनिटांत उतरणारं औषध. ते उतरतं कारण रक्तातलं कोलिनेस्टरेज नावाचं एन्झाइम त्याचे तुकडे करतं. मोनोक्रोटोफॉस (शेतकरी ज्याला ‘मोनो’ म्हणतात), क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस, रोगर म्हणजे डायमेथोएट, असिफेट ही सगळी ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं नेमकं हेच एन्झाइम निकामी करतात. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, तेव्हा हा विषय वर्तमानपत्रांत आला. पण विषबाधा झाली नाही, नुसतं डोकं जड झालं, डोळ्यांतून पाणी आलं आणि घरी येऊन झोपलो, अशाही माणसाचं एन्झाइम कमी झालेलं असू शकतं, आणि ते भरून यायला कित्येक आठवडे लागतात. अशा माणसाला स्कोलीन दिलं की दहा मिनिटांत यायला हवा तो श्वास तासन् तास येत नाही.

असं झालं तरी माणूस दगावायलाच पाहिजे असं नाही. त्याला झोपेत ठेवायचं, व्हेंटिलेटरवर श्वास देत राहायचं आणि वाट बघायची. औषध आपोआप उतरतं. पण छोट्या रुग्णालयात, व्हेंटिलेटर नसताना, रात्री अकरा वाजता ही वेळ आली तर काय होईल याचा विचार करा. आधी कळलं तर गोष्ट सोपी असते. मी स्कोलीनऐवजी रोक्युरोनियम वापरते. योग्य मात्रेत तेही मिनिटाभरात चढतं आणि ते या एन्झाइमवर अवलंबून नाही. कोलिनेस्टरेजची रक्ततपासणीही करता येते. तेव्हा ऑपरेशनची तारीख ठरली असेल तर आधीचे काही आठवडे पंपाला हात लावू नका. लावला असेल तर सांगा, आणि बाटलीच्या लेबलचा फोटो फोनमध्ये ठेवा. नाव आठवत नसलं तरी फोटोवरून गट कळतो. फवारणी करणारा नवरा असला तरी औषध कालवून देणारी, त्याचे कपडे धुणारी बायको असते. तिच्या ऑपरेशनच्या वेळीही हे सांगायचं.

आणखी एक गोष्ट आहे, ती सांगायला घरच्यांना जड जातं. पेशंटनं गेल्या काही महिन्यांत कीटकनाशक पोटात घेतलं असेल, वाचला असेल, तर ते भूलतज्ज्ञाला बाजूला घेऊन सांगा. पोलिसांची भीती बाळगू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं, त्याच्यावर खटला चालवायचा नसतो. आम्हालाही कारण नको असतं, फक्त विषाचं नाव आणि तारीख हवी असते.

हेच एन्झाइम काहींमध्ये जन्मतःच कमी असतं. रोजच्या जगण्यात त्याचा काहीच त्रास नसतो. स्कोलीन मिळेपर्यंत कुणाला पत्ताही लागत नाही. आंध्र-तेलंगणातल्या आर्य वैश्य समाजात हा दोष इतरांपेक्षा बराच जास्त आढळतो, आणि त्या समाजाची कुटुंबं महाराष्ट्रातही आहेत. यात कमीपणाचं काही नाही, डोळ्यांच्या रंगासारखी ती वारशाची गोष्ट आहे. पण म्हणून मी विचारते: घरात कुणाला ऑपरेशननंतर मशिनवर ठेवावं लागलं होतं का? भूल दिल्यावर कुणाला एकाएकी खूप ताप चढला होता का? हा दुसरा प्रश्न वेगळ्याच, फार दुर्मिळ आजारासाठी आहे. त्यात स्कोलीन आणि भुलीच्या काही वायूंमुळे स्नायू अक्षरशः तापतात आणि जीव धोक्यात येतो. त्यावरचं डँट्रोलीन हे औषध तालुक्याच्या ठिकाणी ऐनवेळी मिळेल यावर विसंबता येत नाही. "काका भुलीतच गेले" एवढं वाक्य घरात ऐकलं असेल तर तेवढंही सांगा, बाकीचं आम्ही शोधू.

गुटख्याबद्दल थोडं रागानं लिहिते आहे, समजून घ्या. महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे आणि तरी तिशीतल्या पोरांची तोंडं उघडत नाहीत. गुटखा-सुपारीनं गालांच्या आतलं कातडं पांढरं, ताठ होतं आणि हळूहळू जबडा आखडतो. स्वतःची तीन बोटं उभी धरून पुढच्या दातांमध्ये जातात का बघा. दोनच जात असतील तर तपासणीच्या वेळी आपणहून सांगा. रिलॅक्संट दिल्यावर तुमचा स्वतःचा श्वास थांबलेला असतो, आणि तेव्हा कळलं की तोंडच उघडत नाही, नळी जात नाही, तर हातात फार थोडी मिनिटं उरतात. आधी कळलं तर माणसाला जागं ठेवून, घसा बधिर करून, बारीक दुर्बिणीनं नाकातून नळी घालता येते. ती सोय आपल्या गावात नसेल तर धुळ्याच्या श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासारख्या किंवा जळगावच्या शासकीय महाविद्यालयासारख्या मोठ्या ठिकाणी जाण्याचा सल्ला भूलतज्ज्ञानं दिला, तर त्याला घाबरट समजू नका. दातांचंही तेच. "तोंडमा कवळी शे का, माय?" असं मी विचारते तेव्हा कित्येक आज्या लाजून नाही म्हणतात. हलणारा दात, कवळी, सगळं सांगावं.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगते. मोठं भाजणं, मणक्याला मार लागून पाय लुळे पडणं, अर्धांगवायू, बरेच दिवस अंथरुणाला खिळून राहणं, मुलाच्या स्नायूंचा वाढत जाणारा अशक्तपणा: या सगळ्यांत स्कोलीननं रक्तातलं पोटॅशियम एकदम वाढून हृदय थांबू शकतं. मूत्रपिंड कमजोर असेल तर काही रिलॅक्संट शरीरात रेंगाळतात. अट्राक्युरियम मात्र शरीराच्या उष्णतेनं आणि रक्ताच्या आम्लतेच्या पातळीवर आपोआप विघटित होतं, म्हणून डायलिसिसच्या पेशंटला आम्ही ते पसंत करतो. जेंटामायसिन, अ‍ॅमिकासिनची इंजेक्शनं आणि बाळंतपणात झटक्यांसाठी दिलेलं मॅग्नेशियम या औषधांचा जोर वाढवतात; फिटच्या काही गोळ्या बरेच दिवस चालू असतील तर तो घटतो. मायस्थेनिया असेल तर अगदी आवर्जून सांगा. वजन काट्यावर करून घ्या, अंदाजानं सांगू नका, कारण मात्रा किलोवर ठरते. आणि उपाशी राहायचं ते खरंच उपाशी. साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं, दुधाचा चहा सहा तास आधी बंद, शेवभाजी किंवा भरीत-पुरीसारखं तेलकट जेवण झालं असेल तर आठ तास. घसा सैल पडल्यावर पोटातलं वर आलं तर ते थेट फुप्फुसात उतरतं. "चहानं काय होतं" म्हणून दिलेला चहा लपवला जातो, तो लपवू नका. फार तर ऑपरेशन पुढे ढकललं जाईल.

हा भाग पेशंटपेक्षा छोट्या रुग्णालयांच्या डॉक्टरांसाठी आणि सिस्टरांसाठी. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांपुढे जातो आणि वीज कधी जाईल याचा नेम नसतो. सक्सिनिलकोलीन, रोक्युरोनियम, अट्राक्युरियम २ ते ८ अंशांत ठेवायची औषधं आहेत. फ्रिजबाहेर काढल्यावर रोक्युरोनियम ६० दिवस, स्कोलीनची कुपी आणि अट्राक्युरियम १४ दिवस टिकतं असं म्हणतात, पण ते २५ अंशांच्या खोलीचं गणित आहे. आपल्या वैशाखातल्या खोलीचं नाही. उन्हानं अर्धमेलं झालेलं औषध दिलं की पहिली मात्रा अपुरी पडते, मग दुसरी दिली जाते, आणि एकूण किती काम केलं याचा हिशेबच राहत नाही. म्हणून फ्रिजमध्ये थर्मामीटर, दिवसातून दोनदा नोंद, कुपी दारातल्या कप्प्यात नको, बर्फाच्या कप्प्यालाही लागायला नको, बाहेर काढल्याची तारीख कुपीवर पेननं. वेक्युरोनियम कोरडी पूड असल्यानं फ्रिजशिवाय राहते, मात्र कालवल्यावर २४ तासांत टाकून द्यायची. आमच्यासारखे भूलतज्ज्ञ पेटी घेऊन एका गावाहून दुसऱ्या गावाला जातात. जळगावहून धुळ्याला निघालं, एरंडोल सोडून पारोळ्याला चहाला थांबलं आणि पेटी उन्हातल्या डिकीत राहिली, की घरच्या फ्रिजची सगळी काळजी वाया जाते. बर्फाची पेटी गाडीत आपल्या पायापाशी ठेवावी.

त्या फ्रिजमध्ये ही औषधं वेगळ्या, लाल पट्टीच्या डब्यात ठेवा. सिरिंजवर नाव लिहिताना जगभर स्नायू सैल करणाऱ्या औषधांना लाल लेबल लावतात, ते याचसाठी. अमेरिकेतल्या नॅशव्हिलमध्ये डिसेंबर २०१७ मध्ये स्कॅनसाठी आलेल्या एका वृद्धेला घाबरेपणा कमी करायचं औषध द्यायचं होतं. यंत्रातून नावाची पहिली दोन अक्षरं दाबून निघालेलं वेक्युरोनियम तिला दिलं गेलं आणि ती गेली. इतक्या संपन्न रुग्णालयात असं घडू शकतं, तर आपल्याकडे रिलॅक्संटची कुपी वॉर्डातल्या ट्रॉलीवर कधीच असता कामा नये.

आता ऑपरेशन संपण्याच्या वेळेकडे येते. सुरुवातीच्या भुलीची सगळ्यांना भीती असते. मला मात्र शेवटच्या अर्ध्या तासाची जास्त आहे. माझ्या सुरुवातीच्या काळात एका खाजगी रुग्णालयात पित्ताशयाचं ऑपरेशन करून एका बाईंना बाहेर काढलं. त्यांनी डोळे उघडले, हात दाबला, पाच सेकंद मान उचलून धरली. त्या वेळी हीच परीक्षा पुरेशी मानत. वॉर्डात नेताना कॉरिडॉरमध्ये त्यांची हनुवटी खाली पडली आणि घरघर सुरू झाली. माझं लक्ष गेलं, मी जबडा पुढे ओढला, पिशवीनं श्वास दिला, त्यांना परत आत नेलं. त्या वाचल्या. पण माझी चूक माझ्या मनातून गेली नाही. छाती हलत होती म्हणून मी श्वास बरोबर आहे असं धरलं. श्वासाचा पडदा आधी सावरतो, घसा मागे राहतो, हे मी पुस्तकात वाचलं होतं, त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं.

पाच सेकंद मान उचलणं हे औषध निम्म्याहून थोडंच जास्त उतरलेलं असतानाही जमतं. म्हणून आता आम्ही अंगठा मोजतो. मनगटाच्या आतल्या बाजूला, करंगळीकडच्या नसेवर दोन चिकटपट्ट्या लावून दोन सेकंदांत चार हलके धक्के देतात. अंगठा चार वेळा आत वळतो. औषध शिल्लक असेल तर चौथा झटका पहिल्यापेक्षा दुबळा पडतो. चौथ्याला पहिल्यानं भागलं तर येणारं प्रमाण ०.९ च्या वर गेलं पाहिजे, त्याशिवाय नळी काढायची नाही. अंगठ्याचा हा स्नायू घशासारखाच उशिरा सावरतो, म्हणून तो निवडलेला. नुसत्या बोटांनी किंवा डोळ्यांनी हे ओळखता येत नाही, प्रमाण ०.४ च्या पुढे गेलं की चौथा झटका दुबळा आहे हे अनुभवी हातालाही कळत नाही. आकडा दाखवणारं यंत्रच हवं. फ्रान्समध्ये २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ऑपरेशनच्या सुरुवातीला एकच मात्रा मिळालेल्या आणि उतरवण्याचं औषध न दिलेल्या ५२६ पेशंटपैकी ४५ टक्के लोक रिकव्हरीत आले तेव्हा या रेषेच्या खाली होते. "एकच मात्रा होती, वेळही पुष्कळ गेला, आपोआप उतरलं असेल" हा अंदाज किती चुकू शकतो, ते इथे दिसतं. अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संस्थेनं २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत अंगठ्यावर आकड्यानं मोजण्याची शिफारस केली आहे.

उतरवायची औषधं दोन. निओस्टिग्मिन जुनं आणि स्वस्त, ग्लायकोपायरोलेटसोबत देतात. पण त्याला मर्यादा आहे. रिलॅक्संटचा असर अजून खोल असताना ते कितीही दिलं तरी पुरत नाही, बरंचसं आपोआप उतरल्यावरच ते काम पूर्ण करतं. दुसरं सुगामाडेक्स, ते रोक्युरोनियम आणि वेक्युरोनियमच्या रेणूलाच आपल्या पोटात कोंडून घेतं. महाग आहे आणि अट्राक्युरियमवर किंवा स्कोलीनवर चालत नाही, पण खोल असरातूनही बाहेर काढतं. माझं मत असं की लठ्ठ, दमेकरी, म्हाताऱ्या आणि घोरणाऱ्या पेशंटच्या बाबतीत तो खर्च करावा. सुगामाडेक्स दिलं असेल तर बाईमाणसांनी एक गोष्ट विचारून घ्यायची, कारण डिस्चार्जच्या गडबडीत ती सांगायची राहून जाते: माला-एनसारखी गोळी किंवा अंतराचं इंजेक्शन चालू असेल, तर पुढचे सात दिवस निरोधसारखा दुसरा उपायही वापरावा लागतो. सुगामाडेक्स त्या हॉर्मोनलाही पकडतं.

ऑपरेशनच्या आधी भूलतज्ज्ञाला तुम्ही दोन प्रश्न जरूर विचारा. "शेवटी अंगठ्यावर मोजणार का?" आणि "रिकव्हरीत किती वेळ ठेवणार, तिथे कोण असेल?" नम्रपणे विचारलं तर कुणाला राग येत नाही, आणि आला तरी विचारा. यंत्र नाही असं उत्तर आलं, तर निदान नीट उतरवण्याचं औषध देऊन, पूर्ण जाग येईपर्यंत आतच ठेवण्याचा आग्रह धरा.

बाहेर आल्यावर पहिले दोन तास एका समजूतदार माणसानं उशाशी बसावं. भेटायला आलेले पंधराजण बाहेर बसले तरी चालेल. पापण्या सारख्या मिटतात, दोन-दोन दिसतं म्हणतो, थुंकी गिळता येत नाही, बोलणं पुटपुटतं, श्वास घेताना पोट वर येतं तेव्हा छाती खाली जाते, किंवा घरघर येते: यांतलं काहीही दिसलं तर सिस्टरला ताबडतोब बोलवा आणि ती येईपर्यंत हनुवटी वर उचलून धरा. तोंडाला ऑक्सिजन लावलेला असताना बोटावरच्या यंत्रात ९८ दिसतं म्हणून निश्चिंत राहू नका. श्वास उथळ झाला तरी काही काळ तो आकडा तसाच राहतो. डॉक्टरांनी सांगेपर्यंत पाणी नाही, चमच्यानंही नाही, कारण घसा तयार नसेल तर ते घोट खाली चुकीच्या वाटेनं जातात. आणि सलाइनच्या सुईत भुलीचं औषध उरलेलं असू शकतं. वॉर्डात सिस्टरनं पहिलं अँटिबायोटिक ढकललं की तो उरलेला थेंबभर रिलॅक्संट रक्तात जातो आणि श्वास थांबतो. इंग्लंडच्या आरोग्यसेवेनं २०१४ मध्ये यासाठी सावधगिरीची सूचना काढली होती. थिएटरमधून निघताना सगळ्या सुया आणि नळ्या सलाइननं धुवायच्या, हे काम भूलतज्ज्ञाचं. वॉर्डातल्या सिस्टरनंही पहिलं इंजेक्शन देताना पेशंटजवळ थांबावं.

डिस्चार्जच्या दिवशी भुलीचा कागद मागून घ्या. कोणतं रिलॅक्संट दिलं, नळी सहज गेली की त्रास झाला, श्वास यायला उशीर झाला का, अंगावर पुरळ उठून रक्तदाब पडला का, हे त्यात असलं पाहिजे. उशीर झाला असेल किंवा अ‍ॅलर्जी झाली असेल, तर औषधाचं नाव ठळक अक्षरांत वेगळ्या चिठ्ठीवर लिहून घ्या. एन्झाइमचा दोष निघाला तर सख्ख्या भावंडांची आणि मुलांची तपासणी करून घ्या. ती चिठ्ठी रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा, आणि तिचा फोटो सुरतेला कामाला गेलेल्या भावाच्या फोनमध्येही पाठवून द्या.